मण्यारीच्या बाटलीखालची पाटी

आमच्या प्राचार्यांना पिवळट कागद आवडत नसत. एवढ्या एका नावडीपायी तीस वर्षांचं काम कचऱ्यात गेलं, आणि वर त्यांना शाबासकी मिळाली. मी आता निवृत्त आहे, ते तर माझ्या कितीतरी आधी झाले. तरी हे लिहायला बसले की पेन्सिलीचं टोक मोडतं. वयामुळं नाही, रागामुळं.

मी सांगलीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. माहेर साताऱ्याचं, वडील सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले. त्यांचा आवाज आणि त्यांचा राग दोन्ही माझ्याकडं आले, भावांच्या वाट्याला नुसत्या मिशा गेल्या. कॉलेजात माझ्या पाठीमागं मला ‘सापवाल्या बाई’ म्हणायचे. समोर म्हटलं असतं तरी मला चाललं असतं.

विभागाच्या मागं एक लांबट खोली होती, तेच आमचं संग्रहालय. भिंतीला लाकडी कपाटं, कपाटांत काचेच्या बाटल्या, बाटल्यांत फॉर्मॅलिन आणि त्यात साप, बेडूक, मासे, पाली, विंचू. माझ्या आधीच्या दोन प्राध्यापकांनी सायकलवरून, एसटीनं, पायी हिंडून हे जमवलं होतं. कृष्णेच्या काठचं, वाईच्या घाटातलं, कासच्या पठारावरचं, मिरजेच्या पलीकडच्या माळावरचं. प्रत्येक बाटलीत, प्राण्याच्या अंगाला दोऱ्यानं बांधलेली जाड कागदाची एक चिठ्ठी असायची. तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं: कुठलं गाव, कुठली जागा, कुठल्या दिवशी, कुणी धरला. पेन्सिलच का, तर शाई फॉर्मॅलिनमध्ये उतरते, पेन्सिल जन्मभर टिकते. कागद मात्र पिवळा पडतो, त्याला इलाज नाही.

ती चिठ्ठी हेच खरं संग्रहालय. धरण झालं, ओढा बुडाला, त्या ओढ्यात कधीकाळी कुठला बेडूक होता हे सांगणारं दुसरं कुणी उरत नाही. चिठ्ठी नसलेला साप म्हणजे नुसतं लोणचं. हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला मुलांना सांगायचे, मुलं हसायची आणि त्यांच्या लक्षात राहायचं.

नव्वदीच्या मध्यावर वरून समिती येणार असं ठरलं. समिती म्हटलं की आपल्याकडं काय होतं हे मी सांगायला नको. झाडांना गेरू लागला, कुंड्या भाड्यानं आल्या. मी त्या वेळी पेपर तपासायला आठ दिवस बाहेरगावी होते. परत आले ती समितीच्या आदल्या दिवशी दुपारी, बॅग न ठेवता थेट विभागात. संग्रहालयाचं दार उघडलं आणि क्षणभर वाटलं, चुकून एखाद्या औषधाच्या दुकानात आले.

बाटल्या उंचीप्रमाणं लावल्या होत्या. बुटक्या पुढं, उंच मागं, वर्गातल्या फोटोसारख्या. फॉर्मॅलिन नवं, पाण्यासारखं स्वच्छ. बाटल्यांवरचे जुने कागद खरवडून काढले होते आणि फळीच्या कडेला पांढऱ्या पत्र्याच्या पाट्या ठोकल्या होत्या, त्यांवर पेंटरनं लाल रंगात सुरेख अक्षरांत नावं लिहिली होती. मी वाकून आत बघितलं. चिठ्ठ्या नव्हत्या. एकाही बाटलीत नव्हती.

आमच्या प्रयोगशाळेत जे शिपाई होते त्यांना सगळे मामा म्हणत. मामा कोपऱ्यात उभे होते, माझ्याकडं न बघता.

“मामा, चिठ्ठ्या कुठायत?”

“आवं बाई, म्या काय करणार? सायेब म्हनलं, पान्यात कागुद तरंगतुया, लय घान दिसतंया. काडून टाका म्हनलं.”

“कुठं टाकल्या?”

“पोतं भरलं आन् दिलं पेटवून.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी तशीच प्राचार्यांच्या खोलीत गेले. बाहेर बसलेल्या क्लार्कनं “मॅडम, मीटिंग चालू...” एवढंच म्हटलं, तोवर मी आत होते. मी काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. तुम्ही देवळातली मूर्ती घासून घासून तिचं नाकच काढलंत, असं काहीतरी म्हणाले. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

“मॅडम, नावं आहेत ना लिहिलेली? स्टॉक रजिस्टरवरून ओळीनं घेतलीत, एकही सुटलेलं नाही. तुम्ही एकदा नजर टाका आणि तपासल्याची सही करा. सकाळी नऊला समिती आहे.”

रजिस्टरवरून ओळीनं! रजिस्टर जुन्या क्रमाचं, बाटल्या नव्या क्रमाच्या. डोकं नावाची वस्तू माणसाला दिलीय कशाला? मी परत आले आणि पदर खोचून एकेक कपाट तपासायला लागले. बेडकाच्या खाली विंचू, पालीच्या खाली बेडूक. मासे सगळेच्या सगळे चुकलेले. मामा पाट्या उपसत होते, मी सांगेन तिथं ठोकत होते. पाच वाजले, सहा वाजले. सापांचं कपाट शेवटी ठेवलं होतं, कारण त्यांची मला काळजी नव्हती. साप मला झोपेतसुद्धा ओळखता येतात. नाग, घोणस, धामण लांबून बघितले, बरोबर होते. तेवढ्यात वीज गेली. मी मामांना म्हणाले, साप ठीक आहेत, आणि मेणबत्तीच्या उजेडात सही केली. ‘तपासले. बरोबर आहे.’ खाली माझं पूर्ण नाव.

समिती आली, समिती गेली. त्यातल्या एका गृहस्थांनी संग्रहालयाला ‘नेत्रदीपक’ म्हटलं. प्राचार्यांनी तो शब्द महिनाभर चघळला.

माझ्यापुरतं मी ठरवलं, जे जळालं ते जळालं, आता जे उरलंय ते निदान लोकांना दाखवायचं. दर शनिवारी दुपारी संग्रहालय शाळांसाठी उघडं ठेवायची परवानगी मी भांडून मिळवली. आमच्या भागात ऊस. उसात उंदीर आणि उंदरांमागं साप. दिसला साप की घाल काठी, हा न्याय. आणि चावला की आधी देवऋषी, मग दवाखाना. मला हे बदलायचं होतं. मी पत्रं पाठवली आणि शाळा यायला लागल्या. सांगलीच्या, मिरजेच्या, कुपवाडच्या कामगारांच्या वस्तीतल्या, एकदा तर माझ्या ओळखीनं साताऱ्याहून आणि पाचगणीहूनही.

माझं बोलणं पाठ झालं होतं. चार विषारी: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. बाकीच्यांना भ्यायचं कारण नाही. मग मी पोरांची भीती मोडायला एक युक्ती करायचे. मण्यार आणि कवड्या दिसायला जवळपास सारखे, दोघांच्या अंगावर आडवे पट्टे. मण्यार नागापेक्षा जहरी. रात्री अंथरुणात शिरते, चावलेलं कळतही नाही, सूज नाही की आग नाही, सकाळी पोट दुखायला लागतं आणि पापण्या मिटतात. कवड्या बिचारा गरीब, घरातल्या पाली खातो. मी कवड्याची बाटली कपाटातून काढून पोरांच्या हातात द्यायचे. “घ्या, नीट बघा. हा असा दिसला तर मारायचा नाही. काठीनं उचलून बाहेर सोडायचा.” बाटली हातोहात फिरायची. मी पोरांचे चेहरे बघायचे, आणि माझ्या मनात यायचं, यासाठीच तर आपण शिकलो.

एका शनिवारी साखरशाळेची पोरं आली. ऊसतोडीला बीडकडून जी माणसं येतात त्यांच्या मुलांसाठी कारखान्याच्या तळावर एक शाळा चालायची. तिथल्या ताईंनी कारखान्याच्या ट्रॉलीत बसवून तीस-चाळीस पोरं आणली. इतकी शांत, इतकी डोळे फाडून बघणारी पोरं मी त्याआधी पाहिली नव्हती. ही पोरं पाचटाच्या खोपीत, जमिनीवर, उसाच्या कडेला झोपतात. मण्यारीची खरी गाठ यांच्याशीच. म्हणून त्यांना मी दुप्पट वेळ दिला. प्रत्येकाच्या हातात बाटली दिली आणि प्रत्येकाकडून म्हणवून घेतलं, हा कवड्या, हा काही करत नाही.

जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशांची रांग कॉलेजबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. पोराला रांगेत उभं करून एक बाई सावली बघत बघत आमच्या संग्रहालयात शिरली. नऊवारी, कपाळ मोकळं. बाटल्या बघत बघत सापांच्या कपाटाशी गेली आणि थांबली ती हलेचना.

“बाई,” ती मला म्हणाली, “ह्यो कवड्या न्हाई.”

मी टेबलाशी काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “अहो मावशी, खाली लिहिलंय ना.”

“मला वाचाय येत न्हाई. पर ह्यो कवड्या न्हाई. ही मण्यार हाय.”

मला राग आला. हो, मला. बाईसाहेबांना, ज्यांना साप झोपेत ओळखता येतात त्यांना. मी उठले आणि शिकवायच्या सुरात बोलायला लागले, की पुष्कळांची अशी गल्लत होते, दोन्ही पट्ट्यापट्ट्यांचे असतात. तिनं माझं बोलणं मध्येच तोडलं.

“आवं, माज्या मालकाला चावली हुती ती. झोपल्यालं उठलंच न्हाईत. आमी मारली आन् दुधाच्या कासंडीत घालून शिवील दवाखान्यात न्हेली दावाय. मांडीवं कासंडी घिऊन ततं बसल्याली म्या. मला नगा शिकवू.”

मी कपाट उघडलं, बाटली काढली, उजेडात धरली आणि बघितलं. पाठीच्या मधोमध मोठ्या षट्कोनी खवल्यांची सरळ रांग. पट्टे बारीक, जोडीजोडीनं, मानेच्या बरेच मागून सुरू होऊन पार शेपटीपर्यंत गेलेले. बी.एस्सी.चं पोरगंही सांगेल. मण्यार. आणि ‘मण्यार – अतिविषारी’ या पाटीमागं दोन बाटल्या सोडून गरीब कवड्या बसला होता. फॉर्मॅलिनमध्ये दोघांचेही रंग उडालेले, दोघांच्या बाटल्या एका मापाच्या. पण ही सबब माझ्यासाठी नाही. सबब त्या पेंटरसाठी.

डिसेंबरपासून मी पोरांच्या हातात मण्यार देत होते आणि सांगत होते, ही काही करत नाही.

त्या बाईचा हात धरून मी काय बोलले मला आठवत नाही. तिनं हात सोडवून घेतला, पोराची रांग पुढं सरकली असेल म्हणून.

प्राचार्यांकडं मी बाटली घेऊनच गेले आणि त्यांच्या टेबलावर, फायलींच्या मधोमध ठेवली. सगळं सांगितलं. ज्या ज्या शाळा येऊन गेल्या त्या सगळ्यांना कॉलेजच्या कागदावर पत्र जायला हवं आणि वर्तमानपत्रात निवेदन यायला हवं, म्हणाले.

“मॅडम, बाटली आधी खाली घ्या.”

“नाही घेणार.”

“समितीचा अहवाल अजून यायचाय. आणि आपण स्वतःहून पेपरात छापायचं, आमच्या संग्रहालयात सापांची नावं चुकलीत म्हणून? पाट्या बदला. झालं.”

“आणि ज्यांनी बघितलं ती मुलं?”

ते हसले. अजून तो हसरा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं येतो आणि माझे दात आवळतात. “अहो, पोरं काय लक्षात ठेवतात? सहलीला येतात, चिवडा खातात, विसरतात. आणि हे बघा,” त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला, “तपासल्याची सही तुमची आहे.”

सही माझीच होती, आणि ते मला आयुष्यात एकदाच, पण खरं बोलले होते. म्हणून त्यांचा राग कमी झाला असं नाही. उलट वाढला. माझ्या चुकीचा त्यांनी आडोसा केला होता.

मी कॉलेजचा कागद मागितला नाही. घरून पोस्टकार्डं लिहिली, एकेका शाळेला, ‘माझी चूक झाली’ या वाक्यानं सुरुवात करून. नंतर वाटलं, पोस्टकार्ड मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून राहील. मग सुट्टीच्या दिवशी एसटीनं हिंडायला लागले, पिशवीत दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून. कंडक्टरनं विचारलं की सांगायचे, लोणचं. कुपवाडच्या शाळेत पोरांपुढं उभं राहून चुकलं म्हणाले. मिरजेच्या शाळेत म्हणाले. साताऱ्याच्या शाळेतले हेडसर मिशीत हसले, “एवढ्यासाठी आलात होय सांगलीहून?” त्यांना मी माझ्या वडिलांच्या आवाजात जे काही ऐकवलं त्यानंतर त्यांनी चारी वर्ग पटांगणात बसवले.

त्याच संध्याकाळी माहेरी वडिलांनाही सगळं कळलं. ते म्हणाले, “पोस्ट तपासल्याशिवाय पहाऱ्याची सही केलीस? आमच्यात कोर्टमार्शल होतं.” मी म्हणाले, “आमच्यात नेत्रदीपक म्हणतात.” ते हसले नाहीत.

सगळ्या शाळा झाल्या, एक सोडून. साखरशाळा. गाळपाचा हंगाम संपला, टोळ्या आपापल्या गावी गेल्या, शाळा मिटली. कारखान्याच्या ऑफिसात विचारलं तर मुकादमांची नावं मिळाली, गावं अर्धवट. ताई स्वतःच दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या होत्या. मी जमतील तितकी पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. मुकादम कुठलं पत्र वाचतोय आणि कुठला पोरांना सांगतोय! पावसाळा सुरू झाला. साप बाहेर येतात ते तेव्हाच. वर्गात मी पोरांवर विनाकारण खेकसायचे, घरी जेवताना मध्येच उठायचे. एखादं पोर कुठल्या तरी वस्तीवर दोन बोटांनी मण्यार उचलतंय आणि आईला सांगतंय, आमाला बाईंनी शिकवलंय. हे मला दिवसाढवळ्या दिसायचं.

दिवाळीनंतर बॉयलर पेटला, गाड्या आल्या. पहिल्याच रविवारी मी तळावर गेले. तीच जागा, नव्या खोपी. शाळा अजून सुरू झाली नव्हती, नव्या ताई यायच्या होत्या. मला बघून पाच-सहा पोरं धावत आली आणि ओरडली, “सापवाल्या बाई!” कुणी शिकवलं होतं त्यांना हे नाव, देव जाणे. बघता बघता वीस-पंचवीस जमली, त्यात अर्धी तरी गेल्या वर्षीची. मी टॉवेल सोडून मण्यारीची बाटली वर धरली. तोंड उघडायच्या आत सगळी एका सुरात म्हणाली,

“कवड्या! काही करत नाही! मारायचा नाही!”

माझाच सूर. ‘नाही’वर जो जोर मी द्यायचे, तोसुद्धा. पोरं काय लक्षात ठेवतात म्हणे!

एक मुलगा पुढं येऊन म्हणाला, “बाई, आमच्या घरी एक निघालता पावसात. आज्या मारायलाच निघालता. म्या म्हनलं, कवड्या हे, मारू नको. काठीवर उचलून बांधावर सोडला.”

“होता कसा?”

“ह्याच्यावानीच.”

मी बाटली खाली ठेवली. तिथंच एका बैलगाडीच्या जुवावर बसले. तो नक्की काय होता हे मला कधीही कळणार नाही. पोरगं मात्र समोर धडधाकट उभं होतं आणि मी शाबास म्हणायची वाट बघत होतं.

मी त्यांना सांगितलं. मी चुकीचं शिकवलं, ही मण्यार आहे, ही मारते. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. तो मुलगा तर माझ्यावर रागावला. “न्हाई बाई, तिथं लिव्हलेलं होतं. म्या वाचलंय.” त्याला नवीनच वाचता यायला लागलं होतं, आणि त्याच्यापुढं मी कोण? लाल रंगात, पत्र्यावर लिहिलेलं होतं ते!

मागं एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी होती, नऊ-दहा वर्षांची. ती म्हणाली, “तवा तुमी ते खरं म्हनला. आता हे खरं म्हनता. आमी काय धरायचं?”

मला तो प्रश्न आवडला आणि त्याची लाजही वाटली. मी म्हणाले, “मी म्हणते म्हणून काहीच धरू नकोस. हे घे, तूच बघ.” भाऊ मी घेतला, दोन्ही बाटल्या तिच्यापुढं ठेवल्या. पाठीचा कणा कुठं असतो, तिथले खवले बाकीच्यांपेक्षा मोठे आहेत का, पट्टे कुठून निघतात, कुठवर जातात, एवढंच विचारलं. तिनं एक बाटली उन्हात धरली. फिरवली. मग दुसरी. बोटानं काचेवरून एकेक पट्टा मोजत खालपर्यंत गेली. बराच वेळ लागला तिला.

“हिच्या पाठीवर मोठाले हेत. ह्याच्या सगळे सारखेच हेत,” ती म्हणाली. “हिचे पट्टे शेपटीपर्यंत जातात, ह्याचे मानेपासून निघून मधीच पुसट होतात. हे येगळंच हे.”

“बरोबर.”

“पर हे तर दिसतंच हे की, बाई.” ती माझ्याकडं वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, खरंच कळत नसलेल्या माणसाचा असतो तसा तिचा चेहरा होता. “मंग मागल्या साली तुमी का नाही बघितलं?”

सहा महिने मी ओरडत होते, प्राचार्यांवर, पेंटरवर, समितीवर, हेडसरांवर. हे मला कुणी विचारलं नव्हतं.

“नाही बघितलं,” मी म्हणाले. “बघायला पाहिजे होतं.”

“बरं,” ती म्हणाली, आणि दोन्ही बाटल्या त्या रागावलेल्या मुलाच्या हातात देऊन त्याला दटावलं, “तू तरी नीट बघ.”